काटेरी तारेवरचे कपडे

शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा आणि आस्तिक्य अशी सम्यक्त्वाची पाच लक्षणे आपल्या शास्त्रकारांनी सांगितली आहेत. त्यांतील अनुकंपा या शब्दाचा अर्थ मोठा मार्मिक आहे. दुसऱ्याचे हृदय कंप पावले असता त्यामागोमाग आपलेही कंप पावणे, ही अनुकंपा. हा कंप उत्पन्न कसा होतो? दुःखाच्या वार्ता तर आपण रोजच वाचतो. कुठे महापूर, कुठे युद्ध, कुठे हजारो निर्वासित. क्षणभर हळहळून आपण निधीला धनादेश पाठवतो आणि दुकान उघडतो. ते दान व्यर्थ नव्हे. पण आकडा वाचून हृदय कंप पावत नाही. त्यासाठी काय लागते, हे एका आत्मकथनातील एका प्रसंगाने फार स्पष्ट केले आहे.

प्रिमो लेवी हे इटलीतील तुरिन शहरचे ज्यू रसायनशास्त्रज्ञ. डिसेंबर १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांना नाझींच्या ऑश्वित्झ येथील छळछावणीत पाठवण्यात आले. तेथून जिवंत परतल्यावर त्यांनी लिहिलेले आत्मकथन १९४७ साली प्रसिद्ध झाले. प्रवासापूर्वी या सर्व कैद्यांना इटलीतच, फोसोली येथील छावणीत ठेवले होते. उद्या निघायचे आहे, असे सांगण्यात आले. या प्रवासाचा अर्थ बहुतेकांना कळून चुकला होता. त्या रात्री कोणी प्रार्थना केली, कोणी मद्यात स्वतःला विसरू पाहिले. माता मात्र जाग्या राहिल्या. त्यांनी वाटेसाठी शिदोरी केली, मुलांना न्हाऊ घातले, सामान बांधले. पहाटे छावणीच्या काटेरी तारांवर लहान मुलांचे धुतलेले कपडे वाळत होते. येथे लेवी थेट वाचकाकडे वळतात आणि त्या मातांच्या जागी तो असता तर त्याने काय केले असते, असे त्यालाच विचारतात.

या वर्णनात किंकाळी नाही, रक्त नाही. आहेत ती केवळ घराघरांतील कामे. गावाला निघण्याच्या आदल्या रात्री आपल्या घरीही डबे भरले जातात, खाकरे बांधले जातात, मुलांचे कपडे घड्या करून ठेवले जातात. म्हणूनच वाचताना त्या मातेच्या हातांत आपल्याला आपल्या आईचे हात दिसू लागतात. परकी भाषा, परका धर्म, परका देश ही सारी अंतरे त्या ओल्या कपड्यांपाशी संपतात.

निघताना कैद्यांची मोजणी झाली. ती कशी झाली, हे व्यापारी घरांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. अधिकाऱ्याने किती नग, असे विचारले आणि साडेसहाशे नग, असे उत्तर त्याला मिळाले. नग हा आपल्या रोजच्या व्यवहारातील शब्द. गाठी, खोकी, पोती आपण नगांनी मोजतो. माणसाला त्या शब्दाने मोजले, की त्याचे पुढे काय होते याची चिंता उरत नाही. लेवींच्या डब्यातील ४५ जणांपैकी चौघेच घरी परतले. द्रव्यहिंसेच्या आधी भावहिंसा घडते, असे आपण प्रवचनात ऐकतो. ती कशी घडते, हे त्या एका शब्दात दिसते.

परंतु वाचून डोळे पाणावणे ही अनुकंपेची केवळ सुरुवात. याच आत्मकथनात लोरेंझो नावाचा एक इटालियन गवंडी भेटतो. तो कैदी नव्हता. छावणीजवळच्या बांधकामावर कामाला होता. सहा महिने तो रोज स्वतःच्या वाट्यातील अन्न लेवींना देत राहिला. स्वतःचा ठिगळ लावलेला बनियन दिला, त्यांच्या वतीने घरी पत्र लिहिले आणि आलेले उत्तर पोहोचवले. हे सारे धोक्याचे होते. मोबदला त्याने काहीच घेतला नाही. आपण जगलो ते केवळ अन्नामुळे नव्हे, तर जगात चांगुलपणा शिल्लक आहे याची आठवण या माणसाने जागी ठेवली म्हणून, असे लेवी मानत. पुढे मुलाचे नाव त्यांनी रेंझो ठेवले आणि मुलीच्या नावातही लोरेंझा हे नाव गुंफले.

आता आपल्या पेढीकडे पाहू. हमालाची मजुरी, नोकराची उचल, मोलकरणीचे खाडे हे सारे आपल्याला तोंडपाठ असते. पण पहाटे घर सोडताना ती आपल्या लेकरासाठी काय रांधून ठेवते, त्याला कोणाच्या स्वाधीन करून येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? प्रतिक्रमणात चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणे त्या मानाने सोपे आहे. तेथे कोणाच्या डोळ्यांकडे पाहावे लागत नाही.

या चातुर्मासात घरच्या स्वाध्यायात आठवड्यातून एकदा अशा आत्मकथनाची दोन पाने मोठ्याने वाचावीत. त्यासाठी इटलीलाच जावे लागते असे नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली. त्यांतील दुःख महाराष्ट्रातील, आपल्याच गावावस्त्यांमधील आहे. म्हणून ते वाचणे अधिक जड जाईल आणि अधिक आवश्यकही आहे. वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की त्या जागी तू असतास तर काय केले असतेस? त्यांचे उत्तर ऐकताना आपलेही उत्तर मनाशी तपासावे, आणि दुसऱ्या दिवशी पेढीवर गेल्यावर हमालाला त्याच्या मुलाबाळांविषयी आपणहून विचारावे.