शिक्का कोणाचा, भरवसा कोणाचा?

क्रोम ब्राउझरला बाहेरच्या निर्मात्यांनी रचलेल्या पूरक आज्ञावली जोडता येतात. या निर्मात्यांची ओळख व वर्तन तपासून त्यांना बिल्ला देण्याची प्रथा गूगलने एप्रिल २०२२ मध्ये सुरू केली. त्यामुळे ग्राहकाचा विश्वास वाढेल. तो सार्थ ठरेल काय, हा खरा प्रश्न आहे.

‘द ग्रेट सस्पेंडर’ या आज्ञावलीचे वीस लाखांवर वापरकर्ते होते. २०२० मध्ये निर्मात्याने ती एका अज्ञात खरेदीदारास विकली. नाव तेच राहिले, धनी बदलला. जाहीर केलेल्या मूळ संहितेत नसलेला भाग नव्या आवृत्तीत घुसडला आहे, हे त्याच वर्षी जागरूक वापरकर्त्यांनी दाखवून दिले. संहिता सर्वांना वाचावयास खुली होती, म्हणूनच हे शक्य झाले. गूगलने ती घातक ठरवून बंद केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये!

बिल्ला मिळतो निर्मात्याला. विक्री होते ती लक्षावधींच्या भरवशाची. शिवाय येथे बाजाराचा मालकच परीक्षक आहे. आपल्याकडील आयएसआय चिन्हामागे निदान संसदेचा १९५२ चा कायदा होता. (त्या चिन्हाचीही नक्कल होते, हे आम्ही विसरलेलो नाही.) मालकी बदलताच फेरतपासणी, नव्या मालकाचे नाव जाहीर करणे आणि संहिता खुली ठेवणे, एवढी बंधने कायद्यानेच घातली पाहिजेत.