लिम्काच्या बाटलीतले लिंबू

मागच्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन बंगळूरला मावशीकडे गेले होते. मावशी मूळची बेळगावची, पण गेली तीस वर्षे मल्लेश्वरममध्येच. दुसऱ्याच दिवशी मुलाला जुलाब सुरू झाले. मावशीने लगेच फर्मान सोडले, ‘‘कोपऱ्यावरच्या बेकरीतून लिम्का आण. गॅस घालवून घोट घोट पाज, पोट ठिकाणावर येईल.’’

हा सल्ला तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल. लिंबू, मीठ, साखर हा आपल्या आजीचा उपाय. मग लिंबाच्या नावाची बाटली का चालू नये? असे वाटण्यातच या पेयाचे सारे यश आहे.

लिम्का जन्माने मुंबईकर. विलेपार्ल्यावरून जिचे नाव पडले त्या ‘पारले’च्या चौहान कुटुंबाने ती सत्तरच्या दशकात बाजारात आणली. त्यांचे संत्र्याच्या चवीचे ‘गोल्ड स्पॉट’ आधीपासूनच लोकप्रिय होते. १९७७ साली परकीय चलनाच्या कायद्यावरून कोका-कोलाने भारत सोडला आणि देशी पेयांना मैदान मोकळे मिळाले.

लिम्काची खरी जादू होती तिच्या रंगात. ती सोड्यासारखी नितळ नव्हती. नुकतेच लिंबू पिळावे तशी पांढुरकी, ढगाळ दिसायची. त्यात जाहिरातींमधले पाण्याचे तुषार आणि ओलीचिंब तरुण मंडळी! पाहणाऱ्याच्या मनात ‘घरचे सरबत’ ठसायला आणखी काय हवे?

पण तो ढग लिंबाच्या रसाचा नव्हता. लिंबाच्या सालीतले सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगते. ते पेयात सगळीकडे सारखे पसरून राहावे म्हणून अशा पेयांत ब्रोमिन जोडलेले वनस्पती तेल घालत असत. त्याला बीव्हीओ म्हणतात. तेल जड होते, तरंगत नाही आणि पेय ढगाळ दिसते. मात्र ब्रोमिन शरीरात साठून राहते, अशी शंका शास्त्रज्ञांना होती. भारताने १९९० मध्ये बीव्हीओवर बंदी घातली. अमेरिकेने त्याची परवानगी काढून घ्यायला २०२४ साल उजाडले! अशा पेयांत मग डिंकासारखे दुसरे घटक आले.

त्याच १९९० मध्ये ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्‌स’ची पहिली आवृत्ती निघाली. शीतपेयाच्या नावाने विक्रमांचे पुस्तक! ज्यांनी कधी बाटली तोंडाला लावली नसेल, त्यांच्याही घरात ते नाव पोहोचले.

१९९३ मध्ये परत आलेल्या कोका-कोलाने पारलेकडून लिम्का, थम्स अप, गोल्ड स्पॉट, सिट्रा, माझा ही नावे विकत घेतली. गोल्ड स्पॉटची जागा पुढे फॅन्टाने घेतली. नितळ लिंबू पेय सिट्राही १९९९ मध्ये आलेल्या स्प्राइटपुढे दिसेनासे झाले. लिम्का मात्र टिकली. तिच्यासारखे ढगाळ पेय परदेशी कंपनीच्या पोतडीत तयार नव्हते, हे त्याचे एक कारण असावे.

आता पुन्हा मावशीच्या घरी येऊ. लिम्काच्या लेबलवर अनेक वर्षे बारीक अक्षरांत लिहिलेले असे : यात फळ नाही. म्हणजे नाव लिंबाचे, रूप लिंबाचे, वास लिंबाचा; रस मात्र नाही. पाहुण्यांसमोर थंडगार ग्लास ठेवायला हरकत नाही. पण जुलाब होणाऱ्या मुलाला ते औषध म्हणून देऊ नये. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे जुलाब वाढू शकतात. शिवाय गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत.

आम्ही औषधाच्या दुकानातून ओआरएसची पुडी आणली. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावे. प्रमाण मोजूनच घ्यावे. मूल मलूल दिसले, लघवी कमी झाली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर डॉक्टरांना गाठावे.

आणि बाटली घेताना एक छोटा हिशेब करा. लेबलवर १०० मि.ली.मागे साखर किती ते दिलेले असते. समजा ८ ग्रॅम असेल, तर २५० मि.ली.च्या बाटलीत २० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच छोटे चमचे!

हा हिशेब मावशीला सांगितला. तिने चष्मा लावून लेबल दोनदा वाचले. मग फ्रीजमधून दोन लिंबे काढली आणि म्हणाली, ‘‘बस, तुझ्यासाठी सरबत करते. खऱ्या लिंबाचे!’’