साखरपुड्याची वेगळी अंगठी



माझ्या भाचीचा साखरपुडा ठरला. सराफाकडे दोन तास घालवून तिने मोत्याची अंगठी निवडली. "मावशी, हिरा सगळ्याच घेतात. मला वेगळी हवी."

अंगठी सुंदर होती, पण माझे मन होईना. आज बाजारातले बहुतेक मोती शेतीतले. जिवंत शिंपल्याच्या अंगात चीर देऊन मणी किंवा मांसाचा तुकडा बसवतात आणि मोती काढताना बहुधा तो जीव जातो. पोवळे म्हणजेही सागरी जीवांचा सांगाडाच. आपण कंदमूळ टाळतो, रेशीम टाळतो; मग जन्मभर बोटात घालायच्या वस्तूची चौकशी नको?

हे ऐकून ती रागावली. "आजीच्या कुड्यांत मोतीच आहेत ना?"

प्रश्न बरोबर होता. कुड्या टाकून द्या असे मी म्हणणार नाही. त्याने कोणताही जीव परत येत नाही. नवी खरेदी मात्र आपल्या हातात असते.

शेवटी आजीचीच झिजलेली अंगठी आटवली. त्या सोन्यात १८ कॅरेटची, म्हणजे ७५ टक्के सोन्याची, नाजूक वेलीची अंगठी घडली. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी तेवढा पाहून घेतला. खडा एकही नाही, घडणावळीपलीकडे फारसा खर्चही नाही.

तशी अंगठी दुसऱ्या कुणाच्या बोटात दिसणार नाही. मुलीला अंगठी घेताना डिझाइनआधी एवढे विचारा: हे आले कुठून?