देयकातील नववी ओळ

मुख्याध्यापकाच्या टेबलावर येणाऱ्या कागदांत वैद्यकीय प्रतिपूर्तीचे देयक ही एक निराळीच जात आहे. हजेरीपत्रक, मध्यान्ह भोजनाचा हिशेब, छात्रवृत्तीच्या याद्या यांतला चुकलेला आकडा वर्षानुवर्षांच्या सवयीने चटकन डोळ्यांत भरतो. औषधोपचाराच्या देयकात मात्र अक्षरे वाचता येतात, अर्थ लागत नाही. आणि अर्थ लागत नाही हे कबूल करण्यापेक्षा लाल पेन्सिल उचलणे सोपे वाटते. गेल्या वर्षी मी ती उचलली, त्याची ही हकिकत.

आमच्या शाळेत संस्कृत शिकविणारे एक सहशिक्षक आहेत. त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली आणि तपासणीअंती ती कर्करोगाची ठरली. किरणोपचार घ्यावेत असे डॉक्टरांनी सुचविले. इकडे भोपाळमध्ये त्याला सारेजण ‘सिकाई’ म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, म्हणजे पस्तीस वेळा. प्रत्येक वेळी २ ग्रे, एकूण ७० ग्रे. (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक, लिटर तसे.) उपचार पार पडले आणि देयक माझ्याकडे अग्रेषित करण्यासाठी आले. तिसऱ्या ओळीत ‘ट्रीटमेंट प्लॅनिंग’ म्हणून एक मोठी रक्कम, आणि पुढे नवव्या ओळीत पुन्हा ‘ट्रीटमेंट प्लॅनिंग’, पुन्हा रक्कम. मी नवव्या ओळीभोवती वर्तुळ काढले व समासात लिहिले, ‘दुबार आकारणी, खुलासा घ्यावा.’

आमच्या कार्यालयीन हिंदीत अशा शेऱ्याला ‘आपत्ति’ म्हणतात. मराठी माणसाला त्या शब्दाचा अर्थ वेगळा ठाऊक असतो. त्या गृहस्थांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच कागदावर येऊन बसले. बोलणे त्यांना अजून जड जात होते. त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले, ‘सर, दुसरे नियोजन दुसऱ्या चेहऱ्याचे आहे.’

मला काही बोध होईना. शेवटी एका शनिवारी त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेलो आणि तेथील भौतिकशास्त्रज्ञांच्या खोलीत तासभर बसलो. कर्करोगाच्या रुग्णालयात भौतिकशास्त्राच्या माणसाचे काय काम, हा प्रश्न मलाही पडला होता. वस्तुतः त्याच्यावाचून किरणांचे यंत्र चालविताच येत नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात या विषयाची पदविका १९६२ पासून दिली जाते, आणि रुग्णालयांतील किरणसुरक्षेवर अणुऊर्जा नियामक परिषदेची देखरेख असते.

त्यांनी जे दाखविले ते असे. प्रथम रुग्णाच्या चेहऱ्यावर गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी ताणून बसवितात. ती थंड झाली की चेहऱ्याचा हुबेहूब साचा तयार होतो. तो टेबलाला जखडला की मान तसूभरही हलत नाही. साचा घातलेल्या स्थितीत सीटी स्कॅन काढतात. त्याच्या प्रत्येक पातळ कापावर डॉक्टर गाठीची सीमा रेखाटतात, आणि तितक्याच काळजीने ज्यांना वाचवायचे त्या अवयवांचीही. मज्जारज्जूला सुमारे ४५ ग्रेच्या वर मात्रा जाऊ द्यायची नाही. कानापुढच्या लाळग्रंथींना सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचे, नाहीतर तोंड कायमचे कोरडे पडते. ज्याला दिवसाला पाच तास बोलून पोट भरायचे आहे, त्याला लाळेची किंमत काय सांगावी! गाठीला ७० आणि बोटभर अंतरावरील ग्रंथीला २६, हे गणित संगणकावर पुन्हा पुन्हा मांडून जुळवावे लागते. जुळले की ते रुग्णावर वापरण्याआधी यंत्राखाली एका नमुन्यावर मोजून पाहतात. एवढे होईतो रुग्णावर एकही किरण पडलेला नसतो. तिसऱ्या ओळीतील नियोजन ते हे. त्याची तारीख पहिल्या सिकाईच्या आधीची असते, त्यात खोट काही नाही.

आणि नववी ओळ? चौथ्या आठवड्यापर्यंत आमच्या सहशिक्षकांचे वजन बरेच उतरले. घास गिळवत नव्हता. गालफडे बसली, गाठही आक्रसली, साचा सैल झाला. आत मान हलू लागली तर मज्जारज्जूला द्यायची नाही ती मात्रा पोचेल. तेव्हा नवा साचा, नवा स्कॅन, सारे गणित नव्याने. दुसरा चेहरा म्हणजे हा.

सर्वांवर अशी वेळ येत नाही. पण आली तर ती कागदावर उमटली पाहिजे, आणि येथे आपल्याकडे उणीव आहे. अमेरिकेत प्रत्येक कामाला आकड्यांची संज्ञा असते: गुंतागुंतीच्या नियोजनामागील डॉक्टरांच्या विचाराला ७७२६३, तीव्रता जागोजाग कमीजास्त करणाऱ्या ‘आयएमआरटी’ पद्धतीच्या आराखड्याला ७७३०१, दर पाच सिकायांमागे डॉक्टरांच्या देखरेखीला ७७४२७. आराखडा दुसऱ्यांदा लावायचा तर तो का करावा लागला याची नोंद दाखवावी लागते. तिकडची ही देयके लिहिण्याचे काम पुण्या-हैदराबादेतले कित्येक पदवीधर करतात. म्हणजे विद्या आपल्या घरात आहे, आपल्या देयकांपर्यंत तेवढी पोचलेली नाही.

आयुष्मान भारत योजनेत (२०१८) रुग्णाच्या हाती देयक येतच नाही. तेथे ‘एमआर’ या अक्षरांखाली किरणोपचारांचे ठराविक दराचे संच आहेत: कोबाल्टचा निराळा, लिनिअर अॅक्सिलरेटरवरील साध्या व त्रिमित पद्धतीचा निराळा, आयएमआरटीचा निराळा. कोणता संच हे रुग्णालयाने आधीच निवडून मंजुरी घ्यायची. गरिबाला हे फार मोलाचे आहे, यात वाद नाही. मात्र आमच्यासारख्या प्रतिपूर्तीवाल्यांना ओळ न् ओळ स्वतः राखावी लागते. म्हणून ज्यांच्या घरी हा प्रसंग असेल त्यांनी रुग्णालयातून निघतानाच तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. पद्धतीचे पूर्ण नाव हवे. तारखांसह एकूण मात्रेचा तक्ता हवा. आणि नियोजन दोनदा झाले असेल तर त्याचे कारण डॉक्टरांच्या सहीनिशी हवे. महिन्याभराने मागायला गेलात तर फाईल सापडेपर्यंत चार खेटे ठरलेलेच.

आमच्या सहशिक्षकांसाठी ते पत्र मीच आणले. माझा शेरा खोडून त्याखाली ‘नवव्या ओळीतील रक्कम ग्राह्य’ असे लिहिले, सही केली आणि देयक पुढे पाठविले. साडेचार महिन्यांनी पैसे आले. नियोजनाची रक्कम दोन्ही वेळची मिळाली. दुसऱ्या साच्याचे पैसे वरच्या कोणीतरी कापले, समासात शेरा होता, ‘एक साचा पर्याप्त.’ त्यावर आम्ही पुन्हा अर्ज केला आहे. सहशिक्षक जूनपासून वर्गावर जातात. टेबलावर पाण्याची बाटली असते, दर दोन श्लोकांनी एक घोट घेतात, आणि नववीची मुले तेवढा वेळ गप्प बसतात.