सैल सांध्यांना हिसका नको

केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मानेला झटका देववून ‘कट्’ असा आवाज काढून घेणे, ही अनेक मुंबईकरांच्या लेखी एक स्वस्त चैन आहे. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणे, पाय मुरगळला की हाडवैद्य गाठणे, हेही महाराष्ट्राला नवे नाही. या जुन्या हौसेला आता ‘कायरोप्रॅक्टिक’ असे परदेशी नाव मिळाले आहे. अंधेरी-बोरिवलीहून किंवा मुलुंड-घाटकोपरहून रोज लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या कारकुनाला पाठदुखी चुकत नाही. आणि मोबाईलच्या पडद्यावर एका हिसक्यात बरे होणारे रुग्ण पाहिले की त्याला मोह पडतो. तथापि ज्यांचे सांधे जन्मतःच सैल आहेत, त्यांच्या बाबतीत हा मोह महागात पडू शकतो.

अमेरिकेतील डी. डी. पामर यांनी १८९५ साली या उपचाराचा पाया घातला. मणके जागेवरून सरकल्याने रोग होतात, ही त्यांची मूळ कल्पना विज्ञानाने स्वीकारलेली नाही. अर्थात, सर्वच त्याज्य आहे असे नव्हे. जुनाट कंबरदुखीसंबंधी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शनात मणक्यांवरील हस्तोपचाराला मर्यादित स्थान आहे. परंतु याच संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकसंबंधी घालून दिलेल्या नियमांत, हिसक्याचा उपचार कोणावर करू नये याची जी यादी आहे, तीत जन्मजात व सर्वांगीण सांधेशैथिल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

याचे कारण समजण्यास अवघड नाही. शरीराला बांधून ठेवणाऱ्या संयोजी ऊतकात कोलॅजन हे प्रथिन मुख्य असते. एहलर्स-डॅन्लॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारसमूहात हे बांधकामच कच्चे असते. २०१७ च्या वर्गीकरणानुसार त्याचे तेरा प्रकार आहेत. अशा व्यक्तीचे अस्थिबंध सैल असल्याने सांधा सावरण्याचे काम स्नायूंवर पडते. ते सतत ताठून राहतात आणि दुखतात. हिसका दिल्यावर होणारा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात दाब घटून पोकळी निर्माण झाल्याचा असतो. स्नायू क्षणभर सैलावतात, बरे वाटते. पण सांध्याचा तोच तर आधार होता! थोड्या वेळाने वेदना परतते, रुग्णही परततो, आणि आधीच ढिला असलेला सांधा अधिक ताणला जातो. या विकाराच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित प्रकारात तर धमनीची भिंतच नाजूक असते. तेथे मानेला दिलेला झटका जिवावर बेतू शकतो.

दुर्दैव असे की, ही माणसे दिसायला धडधाकट असतात. नृत्याच्या वर्गात किंवा योगासनांत ज्या मुलीच्या लवचिकतेचे कौतुक होते, तीच पुढे डोक्यावरची कडी धरून उभी राहिली असता खांदा निखळला म्हणून कळवळते, तेव्हा तिला कामचुकार ठरवले जाते. अविश्वासाला कंटाळलेला रुग्ण, त्याचे ऐकून घेणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती आपली मान देतो. वस्तुतः ओळख पटवण्याची प्राथमिक चाचणी सोपी आहे. करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा आणि कंबर किती वाकते यावर नऊ गुण मोजतात. प्रौढाला पाच वा अधिक मिळाल्यास पुढील तपासणी योग्य. शाळेतील व्यायामशिक्षकालाही हे सहज ध्यानात ठेवता येईल. सांधे सैल असणे हा स्वतः रोग नव्हे; परंतु सोबत वेदना असतील तर दुर्लक्ष नको.

अशा रुग्णाला हवे असते ते हळूहळू वाढवत नेलेले स्नायूंचे बळ. ते शिकवणारी विद्या मुंबईला परकी नाही. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी २००२ च्या कायद्याने परिषदही आहे. कायरोप्रॅक्टिकचे तसे नाही. ब्रिटनने १९९४ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. भारताच्या २०२१ च्या सहायक आरोग्य व्यवसायविषयक कायद्याच्या अनुसूचीत मात्र त्याला स्वतंत्र स्थान नाही. जागतिक आरोग्य संघटना पूर्ण शिक्षणासाठी किमान ४२०० तासांची अपेक्षा करते. चार दिवसांचे शिबिर आणि चार वर्षांचे शिक्षण यांतील फरक रुग्णाने पाटीवरून ओळखावा तरी कसा?

शासनाने हा फरक कायद्याने स्पष्ट केला पाहिजे. तोवर रुग्णाने निदान दोन प्रश्न विचारावेत. उपचार करणाऱ्याची नोंदणी कोठे आहे? आणि मानेला हात लावण्यापूर्वी त्याने सांधे सैल आहेत की नाहीत हे तपासले काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या खुर्चीतून उठणे हाच पहिला उपचार होय.