पोटाशी पिस्तूल

गेल्या महिन्यात साताऱ्याकडून फोन आला. माझ्या जुन्या पलटणीतले सुभेदार मेजर साहेब. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण आवाज अजून परेड ग्राउंडचा.

"जय हिंद साहेब. लायसन झालं. .३२ चं पिस्तूल घेतलंय. आता तेवढं सांगा, लावू कुठं? नातू मोबाईलवर दाखवतोय, अमेरिकेतली माणसं म्हणे बेंबीपाशी, पँटच्या आतनं लावतात."

विचारपूस केल्यावर खरं कारण कळलं. भावकीत बांधावरून वाद आहे. चुलतभावाच्या पोरानं चारचौघांत दम दिलाय. रात्री उसाला पाणी द्यायला एकट्यानं जावं लागतं.

मी म्हटलं, "साहेब, रविवारी सांगतो." एका वाक्यात सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. जे सांगितलं ते इथे लिहितोय, कारण अशी विचारणा करणारे ते एकटे नाहीत.

आधी नातवाची बाजू. पोरगं चुकीचं बोलत नाही. पिस्तूल पँटच्या आत, पुढच्या बाजूला, बेंबीच्या जरा उजवीकडे लावायची ही पद्धत अमेरिकेत 'अपेंडिक्स कॅरी' म्हणून ओळखली जाते. पोटात अपेंडिक्स असतं, साधारण त्याच जागी होल्स्टर. त्यात दम आहे. हात आपोआप पुढेच असतात, त्यामुळे शस्त्र लवकर निघतं. गाडीत बसलेलं असताना कमरेच्या मागचं पिस्तूल पाठ आणि सीटच्या मध्ये अडकतं, पुढचं हाताशी राहतं. गर्दीत मागून कुणी हात घातला तर कळायला उशीर होतो. पुढे घातला तर दोन्ही हातांनी दाबून धरता येतं. सैल बुशशर्टाखाली आकारही फारसा उमटत नाही. साध्या कपड्यांत काम करणाऱ्या माणसाला या चारही गोष्टी मोलाच्या आहेत.

आता दुसरी बाजू. पुढे लावलेल्या पिस्तुलाची नळी कुठे बघते? उभे असाल तर जांघेकडे, बसलात तर मांडीकडे. तिथून मांडीची मुख्य धमनी जाते. गोळी मांडीच्या मध्यावर लागली तर वर टुर्निके आवळून रक्त थांबवता येतं. जांघेतच लागली तर पट्टा आवळायला जागाच उरत नाही. मग जखमेत कापड कोंबायचं, सगळा भार देऊन दाबायचं आणि डॉक्टर किती मिनिटांवर आहे ते मोजायचं. प्रथमोपचाराच्या वर्गात हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पिस्तूल कमरेला खोचताना ते आठवत नाही.

मलाही आठवलं नव्हतं. तेव्हा मी कॅप्टन होतो, दक्षिण काश्मीरमध्ये. चिल्लई कलानचे दिवस, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ते चाळीस दिवस. एका माणसाला भेटायला साध्या कपड्यांत निघालो. वर फिरन, खाली पँट, बसायला टाटा सुमो. सोबत ९ मिमी पिस्तूल. ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं, ब्राउनिंगच्या घडणीचं, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या घेणारं. मिळालेलं होल्स्टर मोठं, झाकणाचं. फिरनखाली फुगवटा दिसेल म्हणून ते मी ठाण्यातच ठेवलं. पिस्तूल सरळ पट्ट्यात खोचलं, पोटाशी. चेंबरमध्ये गोळी, हॅमर मागे, सेफ्टी वर. असं करायचं नाही हे माहीत असूनही केलं. त्या वयात वाटतं की नियम लिहिणाऱ्यानं आपल्यासारखं कुणी पाहिलेलंच नसावं.

सुमोतून उतरताना बर्फात पाय घसरला. पट्टा सैल झाला आणि पिस्तूल पँटच्या आतून मांडीवर घसरलं. मी फिरनवरूनच ते पकडलं. कशाला पकडलं, मुठीला की ट्रिगरला, हे कपड्याच्या दोन थरांतून कळत नव्हतं. तसाच लंगडत चार पावलं गेलो, एका भिंतीआड उभा राहिलो आणि हळूच ते वर काढलं. सेफ्टी खाली होती. कधी घासून उतरली, देव जाणे.

माझ्यासोबतचा हवालदार बघत होता. कोल्हापूरचा गडी. तो फक्त एवढंच बोलला, "साहेब, ही तर तुम्हालाच लागली असती."

ज्याला भेटायला गेलो तो आलाच नाही. त्या दिवशी त्या गावात माझ्या जिवाला सगळ्यात मोठा धोका माझ्याच पट्ट्यात होता.

त्यानंतर मी एक गोष्ट पक्की केली. होल्स्टर हा पिस्तुलाचा दागिना नाही, तो त्याचा अर्धा भाग आहे. होल्स्टर नसेल तर पिस्तूलही नाही. होल्स्टर कडक असावं, त्याच पिस्तुलाच्या मापाचं असावं, आणि ट्रिगरभोवतीची कडी त्यानं पूर्ण झाकलेली असावी. पट्टा जाड, न वाकणारा. हिंदी सिनेमात नायक शर्ट वर करून पिस्तूल पोटाशी खोचतो आणि पुढच्या क्षणी जिना उतरून पळतो. तसं प्रत्यक्षात केलं तर तिसऱ्या पायरीवर सिनेमा संपेल.

दुसरी गोष्ट उस्तादांनी शिकवलेली. काढताना घाई चालेल, परत ठेवताना कधीच नाही. बरेच अपघात ठेवताना होतात. शर्टाचं टोक, जॅकेटची दोरी किंवा स्वतःचं बोट ट्रिगरपाशी अडकतं आणि वरून माणूस जोर लावतो. म्हणून शर्ट डाव्या हातानं छातीपर्यंत वर घ्यायचा, बोट सरळ ठेवायचं, होल्स्टरच्या तोंडात डोळ्यांनी बघायचं, कंबर थोडी पुढे काढायची म्हणजे नळी अंगापासून लांब होते, आणि मगच सावकाश आत सोडायचं. कुठे अडलं तर थांबायचं. जोर लावायचा नाही. घाईनं पिस्तूल ठेवावं लागेल असा प्रसंग मला आजवर भेटलेला नाही.

हे फौजेबाहेरच्यांसाठीही तितकंच खरं आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरची गोळी पायाला लागली. शत्रू नाही, झटापट नाही, स्वतःचंच घर. ते बरे झाले हे चांगलं झालं. पण परवाना हातात आला म्हणजे सराव अंगात आला असं होत नाही, हे त्या सकाळी सगळ्या देशानं पाहिलं.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते परजायला मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं लग्नावरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. थोडक्यात, लपवलेलं शस्त्र लपलेलंच राहिलं पाहिजे. ते दाखवलंत की तुम्ही संरक्षण करत नाही, धमकी देत असता.

याचा अर्थ गरज कुणालाच नसते असा नाही. मे २०१७ मध्ये लेफ्टनंट उमर फयाज सुट्टीवर, घरच्या लग्नाला शोपियांला गेले होते. निःशस्त्र होते. अतिरेक्यांनी त्यांना उचलून नेलं आणि मारलं. वय अवघं २२, आणि माझ्याच अकादमीतून बाहेर पडलेले. त्यानंतर कित्येक दिवस मेसमध्ये एकच विषय होता: सुट्टीवरच्या जवानाकडे शस्त्र असावं का? पिस्तूल असतं तर ते वाचले असते का, हे बोलण्याचा अधिकार मला नाही. पण ज्याला घरी जाणं हीच मोहीम आहे, त्याची गरज मला समजते. बँकेच्या दारात स्वतःची बारा बोर घेऊन उभ्या असलेल्या आपल्या निवृत्त जवानाचीही समजते. ती त्याची भाकरी आहे.

बांधावरच्या भांडणाची गोष्ट वेगळी आहे. तिथे समोर अतिरेकी नसतो, आपल्याच आडनावाचा माणूस असतो. आवाज चढतो, कोण कुणाला ढकलतो, आणि पोटाशी पिस्तूल असलेल्या माणसाचा हात नकळत पोटाकडे जातो. तो गेलेला समोरच्याला दिसतो. तिथून पुढे कुणाच्याच हातात काही राहत नाही. एरवी ज्या शिवीवर माणूस थुंकून घरी गेला असता, तिचा निकाल मग सेशन कोर्टात लागतो. पुढे लावलेल्या पिस्तुलाची नळी आधी स्वतःकडे असते हे मी वर लिहिलं. ते फक्त शरीरापुरतं खरं नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. ज्याच्या कामाची ती गरज आहे त्यानं पुढे लावावं, पण पक्कं होल्स्टर घेऊन, रिकाम्या पिस्तुलावर शेकडो वेळा सराव करून, आणि शिवी ऐकून मुकाट निघून यायची सवय लावून. शेवटचं जमत नसेल तर पहिली दोन जमूनही उपयोग नाही. बाकीच्यांनी ते घरी कुलपात ठेवावं.

रविवारी साहेबांना हे सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हंजे साहेब, बांधावर जाताना काय घेऊन जाऊ?"

"सरकारी मोजणीचा अर्ज केलाय का?"

"न्हाई."

"मग तो करा. मोजणीच्या दिवशी नकाशा आणि दोन पंच घेऊन जा. रात्री पाण्याच्या पाळीला पोराला सोबत न्या, मोठी बॅटरी न्या. पिस्तूल कपाटात. आणि किल्ली नातवाला सापडेल अशा जागी ठेवू नका."

"जी साहेब," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांचा हा 'जी साहेब' मी हजार वेळा ऐकलाय. त्यातला कुठला पटलेला आणि कुठला नुसता ऐकून घेतलेला, हे मला ओळखता येतं. या वेळचा नाही आला. पुढच्या सुट्टीत साताऱ्याला उतरणार आहे.