दांतांची बैठक व लग्नाची घाई

आपल्या देऊळघाटासारख्या गांवांत मुलीचें लग्न ठरूं लागलें म्हणजे मगच तिच्या दांतांची चर्चा घरांत सुरू होते. मुलग्याच्या बाबतींत तर तेवढीही वेळ येत नाहीं. दांतांची बैठक हा प्रथम चावण्याचा व दांत टिकण्याचा प्रश्न आहे, रूपाचा मागाहून. आणि त्याकडे पाहण्याची वेळ अठराव्या वर्षीं नव्हे, तिसरी-चौथींतच येते, असें माझें स्पष्ट मत आहे.

मुलांनो, जिभेनें चांचपून पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागें एक नवी दाढ येते. तिच्यासाठीं कोणताच दांत पडत नाहीं, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात व किडूं देतात. वास्तविक ती जन्माची सोबतीण! अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनीं १८९९ सालीं दांतांच्या चुकीच्या बैठकीचे वर्ग पाडले, ते वरची व खालची अशा याच दाढा एकमेकींवर कशा बसतात हें पाहून. दुधाचा दांतही निरुपयोगी नव्हे. तो खालून येणाऱ्या दांताची जागा राखतो. अकालीं उपटल्यास शेजारची दाढ पुढें सरकते व नवा दांत वांकडा फुटतो. "पडणारच आहे, काढून टाका," असें आपण सहज म्हणतों. वरचे दांत आधीं आले तर मामावर संकट, ही समजूत मात्र जिवापाड जपतों!

कित्येक म्हणतात, देवानें दिलें तसें असूं द्यावें. हेच गृहस्थ चष्मा लावून देवाचें वचन वाचतात. दांतांची तार मंद दाब देते. दाबाच्या बाजूचें हाड झिजतें, मागें नवें भरतें आणि दांत सरकतो. यास बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. दांत मोठेपणींही हलवितां येतात; परंतु वाढ संपल्यावर जबड्याचाच मोठा दोष असला तर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर उरत नाहीं.

खर्चाची अडचण खरी आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खर्च कमी येतो. पण तार महिन्या-दीड महिन्यानें आवळावी लागते, आणि प्रत्येक खेपेस मजुराची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच लवकर तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक २०१३ पासून शाळांतून मुलांचे दांतही पाहतें. त्या दिवशीं मूल घरीं ठेवूं नये, आणि मिळालेली चिठ्ठी दप्तरांत न राहतां बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत पोंचवावी.